पांढऱ्या खोळी

आढाव पाळकसाहेब जीप धूत होते आणि मी विहिरीवरून बादल्या वाहत होतो. दुसऱ्या दिवशी बिशप यायचे होते. त्यांना स्टेशनवरून आणायचं, तर गाडीवर मातीचा ठिपकासुद्धा दिसता कामा नये, असा साहेबांचा हुकूम होता. टायरच्या खाचांतली लाल माती ते काडीने उकरून काढत होते. मी म्हणालो, उद्या फाटकाबाहेर पडलो की तीच माती पुन्हा लागणार. त्यावर त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला एव्हाना पाठ झाला होता. राहुरीहून उठून आलेलं पोरगं, याला काय कळतंय.

हे टांझानियातलं किसेरू गाव. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि मी चोविशीत होतो. आमच्या चर्चच्या मंडळीने गळ्यात हार घालून, डोक्यावर हात ठेवून मला परदेशी सेवेला धाडलं होतं. घरच्यांना वाटायचं, प्रबोध तिकडे झाडाखाली उभा राहून शेकडो लोकांना उपदेश करत असेल. प्रत्यक्षात मी सकाळी शाळेत गणित शिकवायचो, दुपारी दवाखान्यात गळवं फोडायचो, संध्याकाळी छपराची गळती बुजवायचो आणि उरलेल्या वेळात साहेबांची बोलणी खायचो. साहेब जालन्याचे. बायको-मुलं जालन्यातच होती. आफ्रिकेत त्यांची बरीच वर्षं गेली होती, आणि या वर्षांत त्यांनी जे जे मिळवलं त्याला कुलूप लावलं होतं. साखरेला कुलूप, रॉकेलला कुलूप, औषधांना कुलूप. जीपची किल्ली पट्ट्याला साखळीने बांधलेली असायची आणि झोपतानाच काय ती सुटायची. कोणी काही मागितलं की उत्तर ठरलेलं, "मिशनची वस्तू आहे, आपल्या बापाची नाही." काम मात्र मरेस्तोवर करायचे, हेही सांगायला हवं. बिशप येणार होते ते त्याचंच फळ द्यायला. साऱ्या जिल्ह्याच्या शाळा, दवाखाने आणि गाड्या साहेबांच्या हाताखाली द्यायचं घाटत होतं.

पडवीत रेहेमा बसली होती. ती आमच्याकडे स्वयंपाक करायची. तिचा नवरा एलिया मिशनचा सुतार. मी स्वाहिली शिकलो ती रेहेमाच्या चुलीपाशी, तिचं हसणं सोसत. त्या बदल्यात मी तिला पिठलं शिकवलं होतं आणि ते ती माझ्यापेक्षा बरं करायला लागली होती. तिचे दिवस भरत आले होते. जीपच्या सीटना घालायला साहेबांनी पांढऱ्या कापडाच्या खोळी तिच्याकडून शिवून घेतल्या होत्या. शेवटच्या खोळीचा धागा तिने दातांनी तोडला आणि मला म्हणाली, "म्वालिमू, तुझी भाषा तुझ्या बादलीसारखी आहे. अर्धी वाटेतच सांडते."

म्वालिमू म्हणजे मास्तर. सारं गाव मला तसंच हाक मारायचं.

खोळी तिनेच चढवल्या. मग मऊ लागतं का बघायला मागच्या सीटवर टेकली आणि हात पसरून बिशपसारखी आशीर्वाद देऊ लागली. मी हसलो. साहेब काडी टाकून धावत आले. उतर, उतर, पाय मातीचे आहेत, म्हणाले. ती हसतच उतरली, कापडावरून हात फिरवून सुरकुती मोडली आणि चुलीकडे गेली.

तासाभरात तिच्या कळा सुरू झाल्या. दवाखान्यातली सुईण हातातलं काम टाकून गेली आणि आली ती चेहरा पाडून. मूल आडवं होतं. तिच्या हातून होण्यासारखं नव्हतं, शहरातल्या इस्पितळातच न्यायला हवं होतं. एलिया रंधा हातात तसाच घेऊन धावत आला आणि साहेबांपुढे उभा राहिला. गाडी द्या, एवढंच तो म्हणाला.

 साहेब माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलू लागले. किसेरूत मराठी समजणारे आम्ही दोघंच.

"उद्या सकाळी मला बिशपसाहेबांना आणायला निघायचंय. त्या रस्त्यात गाडी रुतली, तर मी काय बैलगाडी घेऊन जाऊ? आणि बाळंतपणाची बाई. खोळी खराब होतील."

"साहेब, मूल आडवं आलंय. ती मरेल."

"इथल्या बायका काय दरवेळी जीपमधून बाळंत व्हायला जातात? बाजेवरून नेतात. नेतील."

मी किल्लीसाठी हात पुढे केला. त्यांनी साखळीवर पंजा दाबून धरला. मग एलियाकडे वळून स्वच्छ स्वाहिलीत म्हणाले, "पोले, एलिया. गाडी बिघडली आहे." पोले म्हणजे वाईट वाटतं रे बाबा. दुःखात असलेल्या माणसाला तिथे तसंच म्हणतात.

जीप आमच्या शेजारी उभी होती. बॉनेटवरून अजून पाणी ठिबकत होतं.

मी तोंड उघडलं, तोवर एलिया वळला होता. बिघडली तर बिघडली, बाज काढा, असं माणसांना ओरडून सांगत तो पळत सुटला. तिथे उभं राहून वाद घालायला त्याच्याकडे वेळ नव्हता. साहेब आत गेले आणि आतून कडी लागल्याचं मी ऐकलं. मग मीही बाजेच्या मागे धावलो.

रस्ता म्हणजे नुसता राडा होता. खांदे बदलत आम्ही चाललो. रेहेमा आधी ओरडत होती, मग कण्हत होती. एकदा तिने डोळे उघडून मला विचारलं, चुलीवरचं भांडं उतरवलंस का. मी हो म्हणालो. वाटेतली नदी अजून बरीच लांब होती आणि दिवस मावळायचा होता, तेव्हाच ती गेली. मूल तिच्या पोटातच गेलं. एलियाने बाज खाली ठेवायला लावली, तिच्या अंगावरचं कापड नीट केलं आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिला. वाटेतल्या एका वस्तीवर लोकांनी आम्हाला रात्रीपुरता आसरा दिला.

सकाळी आम्ही बाज घेऊन परत निघालो, तेव्हा समोरून जीप आली.

साहेबांनी थांबवली. खाली उतरले, टोपी काढली. एलियाच्या खांद्यावर बाजेचा पाय होता, त्याला हात जोडता येईनात.

"पोले, पोले," साहेब म्हणाले. "देवाची इच्छा. गाडी आज पहाटेच कशीबशी चालू झाली बघ."

"आभारी आहे, पाळकसाहेब," एलिया म्हणाला. "तुम्ही थांबलात."

तो आभार मानत होता. बायकोचं प्रेत खांद्यावर घेऊन त्या माणसाचे आभार मानत होता. साहेबांनी मान हलवली, टोपी घातली आणि जाता जाता मला मराठीत म्हणाले, "आंघोळ करून घे. बिशपसाहेबांसमोर असा येऊ नकोस." जीप पुढे गेली. खिडकीतून पांढऱ्या खोळी दिसल्या. त्यांच्यावर एक सुरकुती नव्हती.

गेल्याच रविवारी मी उपासनेत क्षमेवर बोललो होतो. मोडक्यातोडक्या स्वाहिलीत, पण मनापासून. त्या रस्त्यावर माझ्या मनात जे उठलं त्याला सूड याशिवाय दुसरा शब्द नाही, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. हा माणूस आज दुपारी बिशपच्या शेजारी बसून रेहेमाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणार होता. नंतर जिल्ह्याच्या साऱ्या किल्ल्या त्याच्या पट्ट्याला लागणार होत्या. मी बिशपला जाऊन सांगितलं असतं, तर नव्या पोराचा शब्द आणि जुन्या पाळकाचा शब्द, यात कोणाचा टिकला असता ते सांगायला नको. गाडी बिघडली होती, असं ते पुन्हा म्हणाले असते. म्हणून मला दुसरी वाट हवी होती, आणि ती साहेबांनीच काही महिन्यांपूर्वी मला दाखवून ठेवली होती.

तिकडे उतानी नावाची एक रीत आहे. दोन गावांचं, दोन कुळांचं पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं असतं. अशा नात्यातल्या माणसाला म्तानी म्हणतात. म्तानी तुमची वाटेल तशी टिंगल करतो, तुमची वस्तू उचलतो आणि काहीतरी घेतल्याशिवाय परत देत नाही. त्याच्यावर रागवायचं नसतं. जो रागावला त्याची गावात किंमत गेली. आणि या साऱ्याला ऊत येतो तो मयताच्या दिवशी. घरचे रडत असतात, म्तानी मात्र मेलेल्याच्या नकला करतात, शोक करणाऱ्यांना टोचून बोलतात, खड्डाही तेच खणतात आणि जेवणही तेच रांधतात. मला पहिल्यांदा बघताना धक्का बसला होता. साहेबांना मात्र ती रीत फार आवडली होती. गावचा म्हातारा मुखिया वारला, तेव्हा नदीपलीकडच्या लोकांनी त्यांना गमतीने आपला म्तानी म्हटलं होतं. साहेबांनी लगेच मयताच्या घरचं पातेलं पळवलं आणि एक कोंबडी मिळेपर्यंत दिलं नाही. लोक पोट धरधरून हसले. पाळक आपल्यातला झाला म्हणाले. त्यानंतर ही गोष्ट साहेबांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली होती.

वस्तीवरून रात्रीच निरोप गेला होता. आम्ही गावात पोचलो, तेव्हा नदीपलीकडच्या बायका आल्याही होत्या. रेहेमाचं माहेरचं नातं त्यांच्याशी उतानीचं. त्यांची पुढारीण बीबी तातू. बीबी म्हणजे आजी. ही आजी हाडकुळी, तोंडात दोन-चारच दात, आणि नकला अशा करायची की ज्याची करी त्याची सावलीसुद्धा दचकावी. ती चुलीसाठी लाकडं फोडत होती. मी आंघोळ न करताच तिच्यापाशी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. काडीने माती उकरण्यापासून ते सकाळी टोपी काढण्यापर्यंत.

ती कुऱ्हाड न थांबवता ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "एलियाला माहीत आहे?"

"नाही. त्याला वाटतं गाडी खरंच बिघडली होती."

"पाळकाने मुखियाच्या मयताला पातेलं घेतलं होतं."

"हो. तो तुमचा म्तानी आहे. त्यानेच सगळ्यांना सांगितलंय."

"मग ठीक आहे." तिने कुऱ्हाड खाली ठेवली. "पण म्वालिमू, एक ऐक. उतानीत जे होतं ते उतानीतच संपतं. जेवण झालं, हात धुतले, की कोणी काही घरी न्यायचं नाही. मी नाही, एलिया नाही, तू नाही. कबूल?"

मी कबूल म्हणालो. घाईत होतो. तिने काय विचारलं याकडे माझं फारसं लक्षही नव्हतं.

मग मी तिला तीन मराठी शब्द शिकवले. ती ते लाकडं रचता रचता घोकत राहिली.

दुपारी साहेब बिशपला घेऊन आले. बिशप किनाऱ्याकडचे, पांढऱ्या दाढीचे, जाडजूड आणि शांत. मयताची बातमी त्यांना वाटेतच कळली होती. एलियाच्या अंगणात त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, शेजारी साहेबांसाठी स्टूल. मी मागे उभा होतो. रेहेमाला चटईत गुंडाळून दारात ठेवलं होतं. बायका रडत होत्या आणि बीबी तातूच्या बायकांनी एकीकडे थट्टा सुरू केली होती. एक जण रेहेमासारखी कमरेवर हात ठेवून चाखून बघायची आणि तोंड वाकडं करायची. रडणाऱ्याही मधूनच हसत होत्या.

साहेब वाकून बिशपला रीत समजावून देऊ लागले. ही यांची फार सुंदर प्रथा आहे, दुःख हलकं होतं, यात रागवायचं नसतं, जो रागावतो तो हरतो. बिशप त्याच मातीत जन्मलेले. त्यांनी हे सारं आईच्या पाठीवर असताना बघितलं असणार. पण ते सज्जनपणे मान हलवत राहिले.

"मीसुद्धा यांचा म्तानी आहे," साहेब म्हणाले.

"असं?" बिशप म्हणाले. "मग सांभाळून बसा."

बीबी तातू पुढे आली. तिने साहेबांपुढे गुडघे टेकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि झटक्यात पट्ट्याची साखळी धरली. साहेबांचा पंजा आपोआप किल्लीवर गेला. काल गेला होता तसाच. अंगणात हशा पिकला. दोघांची ओढाताण चालली. बिशपही हसले आणि म्हणाले, द्या पाळकसाहेब, द्यावीच लागते. साहेबांनी हसत हसत कडी सोडवली. किल्ली म्हातारीच्या हातात गेली.

मग तिने खेळ मांडला. आधी कमरेचं कापड सोडून हवेत जीप पुसली. मग खाली बसून काडीने टायर कोरू लागली, जीभ बाहेर काढून, डोळे बारीक करून. साहेब अगदी तसेच बसत. लोक ओळखून ओरडू लागले. साहेबही हसत होते आणि बिशपना म्हणत होते, बघा, किती बारकाईने बघतात हे लोक. तेवढ्यात दुसरी एक म्हातारी पोटाला घोंगडी बांधून, कण्हत, लंगडत आली आणि हात पसरून उभी राहिली.

बीबी तातूने किल्ली छातीशी धरली. मान वळवली, थेट माझ्याकडे बघितलं आणि साहेबांच्या आवाजात म्हणाली,

"कोली कराबू होतीलू."

कोणाला काही कळलं नाही. ते शब्द ऐकूनच लोक लोळण घेऊ लागले, पाळकाची परदेशी बडबड म्हातारीने हुबेहूब उचलली होती. त्या अंगणात त्यांचा अर्थ दोघांनाच कळत होता. एक मी. दुसऱ्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्यामागचा माणूस निघून गेला. ते माझ्याकडे वळले नाहीत. वळायची गरजच नव्हती. मी मात्र त्यांच्याकडे डोळे भरून बघत होतो. इतकं समाधान मला आयुष्यात कुठल्याच प्रार्थनेने दिलं नाही.

म्हातारी पुन्हा तेच म्हणाली. पोट बांधलेलीने तिचे पाय धरले. मग बीबी तातूने चेहरा लांब केला, डोक्यावरची नसलेली टोपी काढली आणि स्वाहिलीत, साऱ्यांना कळेल असं म्हणाली, "पोले. गाडी बिघडली आहे."

आणि अंगणाबाहेर उभ्या असलेल्या जीपकडे बोट केलं.

हशा एका बाजूने थांबत गेला. बायका जीपकडे बघू लागल्या, मग साहेबांकडे. एलिया दारात बसला होता, तो उभा राहिला. कालची बॉनेटवरून पाणी ठिबकणारी जीप त्यानेही बघितली होती. त्याच्या मुठी वळल्या. पण म्तानीच्या खेळात रागवायची मुभा जशी साहेबांना नव्हती तशी त्यालाही नव्हती. बिशपांनी हसणं थांबवलं होतं. साहेब एकटेच हसत होते. थांबले असते तर कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून हसत होते, आणि घाम त्यांच्या कानामागून कॉलरमध्ये उतरत होता.

"किल्ली हवी का, म्तानी?" म्हातारीने विचारलं.

"हवी," साहेब म्हणाले.

"मग भाडं दे."

"काय देऊ? कोंबडी?"

"तिला बसव."

कबरस्तान टेकडीवर होतं आणि प्रेत खांद्यावरून न्यायचं, ही रीत. गाडीतून नेलेलं माणूस किसेरूत कोणी पाहिलं नव्हतं. साहेब बिशपकडे बघू लागले, सुटका करतील या आशेने. बिशप खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "मी पायी येतो. मागची जागा तिला लागेल."

एलियाने आणि मी मिळून तिला मागच्या सीटवर, त्या पांढऱ्या खोळींवर निजवलं. चटई ओलसर होती, कडेला लाल माती होती, पावलांनाही होती. खोळी खराब झाल्या. मी मुद्दाम तिचे पाय नीट टेकवले. एलिया तिच्या उशाशी बसला, तिचं डोकं मांडीवर घेऊन. मी पुढे बसलो. म्हातारीने किल्ली खिडकीतून साहेबांच्या हातात दिली. जीप पहिल्याच झटक्यात चालू झाली.

सारं गाव मागून चालत होतं, म्हणून आम्ही पावलाच्या वेगानेच निघालो. थोडं वर गेल्यावर साहेब समोर बघतच मराठीत म्हणाले, "तू शिकवलंस तिला."

"हो."

"मला वाटलं नव्हतं रे, ती जाईल. या बायका बाजेवरून जातात, बाळंत होऊन परत येतात. मी कितीदा बघितलंय." ते पुढे म्हणाले, "प्रबोध, माझ्या हातून घडलं. मला क्षमा कर."

"मला काय सांगता? ती मागे आहे. तिला सांगा."

त्यांनी आरशात बघितलं. ओठ हलले. ते काय म्हणाले, कुठल्या भाषेत म्हणाले, मी ऐकलं नाही. मी मान फिरवून बाहेर बघत राहिलो. ऐकायचंच नव्हतं मला.

माती दिली. बिशपांनी प्रार्थना केली, छोटीशी. साहेबांना त्यांनी प्रार्थना करायला सांगितलं नाही. जिल्ह्याची गोष्टही त्या दिवशी निघाली नाही आणि नंतरही कधी निघाली नाही. परत निघताना ते म्हणाले, गाडी गावातच राहू द्या, मी हमरस्त्यापर्यंत चालत जाऊन बस धरतो, उद्या कोणाला लागली तर. मला हवं होतं ते सगळं झालं होतं. मी मनातल्या मनात एकेक घास चावून खावा तसं ते पुन्हा पुन्हा आठवत होतो.

संध्याकाळी अंगणात जेवण वाढलं. म्तानी बायकांनी मोठमोठ्या परातींत उगाली आणून ठेवली. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. एका परातीभोवती पाच-सहा जण बसतात आणि हाताने तोडून खातात. साहेब कुंपणापाशी एकटे उभे होते. जावं की राहावं, त्यांना कळत नसावं. एलियाने पाण्याचं भांडं उचललं, त्यांच्यापाशी गेला आणि त्यांच्या हातांवर पाणी घातलं. मग त्यांना आपल्या परातीशी आणून बसवलं. दोघं एकाच गोळ्यातून तोडून खाऊ लागले. एलिया रडत होता आणि खात होता. साहेबही. बीबी तातू त्यांच्या शेजारी बसून, पाळक खातो कसा, याची नक्कल करत होती, आणि लोक पुन्हा हसत होते. दुपारसारखे नाही, साधे, दमलेले.

"म्वालिमू, ये," एलियाने हाक मारली. "हात धू."

"भूक नाही मला," मी म्हणालो.

बीबी तातूने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "तू कबूल म्हणालास."

मी तिथून निघालो आणि शाळेच्या ओसरीवर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली पडवीच्या खांबाला एका खिळ्यावर लटकत होती. साखळी नव्हती. मी तिथे होतो तोवर ती तिथेच असायची, ज्याला लागेल तो घेऊन जायचा. त्यानंतरचे सगळे महिने साहेब आणि मी एकाच छपराखाली राहिलो, एकाच मेजावर उपासनेची तयारी केली आणि कामापलीकडे एक शब्द बोललो नाही. निदान मी बोललो नाही. त्यांनी अनेकदा सुरुवात केली.

निवृत्त झाल्यावर एकदा ते राहुरीला माझ्या घरी आले. न कळवता, काठी टेकत. केस पार पिकले होते. माझ्या बायकोला त्यांचं नाव माहीत होतं, बाकी काही नाही. ती आनंदली. तिकडची माणसं आलीत म्हणून तिने मुद्दाम पिठलं-भाकरी केली. साहेब दारात उभे राहून सलाम म्हणाले, मीही सलाम म्हणालो. एलिया किसेरूच्या मंडळीत वडील, म्हणजे कारभारी पंच, झाला आहे, दुसरं लग्न झालं, मोठ्या मुलीचं नाव रेहेमा ठेवलंय, असं त्यांनी सांगितलं. त्याच्या लग्नात प्रार्थना साहेबांनीच केली होती. मी ऐकून घेतलं.

बायकोने दोन ताटं घेतली, पाट मांडले. साहेब हात धुऊन आले आणि माझी वाट बघत ताटावर बसून राहिले. घास मोडला नाही.

"त्यांचं वाढ," मी बायकोला म्हणालो. "मला भूक नाही."